क्लाउन म्हणजे विदूषक नव्हे

प्रश्न असा आला आहे: सोळाव्या शतकातल्या रिचर्ड टार्ल्टन या इंग्रज विनोदी नटाला मराठीत ‘विदूषक’ म्हणावं का, आणि ‘क्लाउन’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?

विदूषक म्हणू नये. जुन्या इंग्रजी नाटकांवरच्या व्याख्यानांत आणि लेखांत हा शब्द इतक्या सहज फेकला जातो की कान विटले. सर्कशीतला जोकर, पत्त्यातला जोकर, वाढदिवसाला फुगे वाटणारा रंगीत केसांचा माणूस हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देऊ.

संस्कृत नाटकातला विदूषक हा ब्राह्मण. भरतमुनींनी त्याचं वर्णन करताना ‘द्विजन्मा’ हे स्पष्ट सांगितलं आहे. तो नायकाचा जिवलग, बोलतो प्राकृत, जीव मोदकांवर. इंग्रजी नाटकातला क्लाउन म्हणजे आधी खेडूत. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये कबर खणणारे दोघे येतात तिथली रंगसूचनाच ‘दोन क्लाउन येतात’ अशी आहे. क्लिओपात्राला अंजिरांच्या टोपलीतून साप आणून देणारा गावकरी, तोही छापील प्रतीत क्लाउन. ‘विंटर्स टेल’मधल्या मेंढपाळाचा पोरगा, क्लाउनच. आता या तिन्ही जागी ‘विदूषक’ घालून वाचा. दफनभूमीत फावडी घेऊन उतरलेले दोन विदूषक! भाषांतर करणाऱ्याने कोश उघडला, नाटक उघडलं नाही, एवढंच त्यातून कळतं.

शेक्सपिअरच्याच फेस्टे आणि टचस्टोन या पात्रांच्या संवादांपुढेही त्याच्या नाटकांच्या 1623च्या संग्रहात ‘क्लाउन’ असतो आणि ते तर पदरी ठेवलेले मसखरे आहेत, असा आक्षेप येईल. त्याचं कारण छापखान्यात सापडतं. हा शब्द पात्रापेक्षा मंडळीतल्या विनोदी नटाची जागा दाखवायचा. त्याच्या ‘मच अॅडो’ नाटकाच्या 1600च्या प्रतीत डॉगबेरी या पात्राच्या संवादांपुढे चक्क केम्प या नटाचं नाव छापून गेलं आहे. केम्प गेला, रॉबर्ट आर्मिन आला, त्याच्यासाठी हुशार मसखऱ्यांच्या भूमिका आल्या. जागेचं नाव तेच राहिलं. तिथे ‘मसखरा’ लिहा, कोणी अडवत नाही.

आता व्युत्पत्ती. हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो तो सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर, आणि अर्थ गावंढळ, अडाणी. विद्वानांचा एक कंपू तो लॅटिन ‘कोलोनस’, म्हणजे शेतकरी, यावरून काढतो. शेक्सपिअरचा समकालीन नाटककार बेन जॉन्सन याच्या एका नाटकात ही व्युत्पत्ती पात्रांच्या तोंडी आहे, तीही पांडित्याची थट्टा म्हणून, आणि आमचे लोक ती गंभीर चेहऱ्याने उद्धृत करतात. लॅटिन शब्द इंग्रजीत येताना बहुधा फ्रेंचमधून किंवा ग्रंथांतून येतात आणि वाटेत खुणा ठेवतात. इथे तशी खूण नाही. उलट उत्तरेकडे पाहा: आइसलँडिकमध्ये ‘क्लुन्नी’ म्हणजे बेंगरूळ, अडाणी माणूस; जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या उत्तर फ्रिजियन भाषेतही याच वळणाचा शब्द आहे. त्यांच्या शेजारी इंग्रजीतले ‘क्लॉड’ म्हणजे ढेकूळ, ‘क्लंप’ म्हणजे झाडांचा दाट पुंजका आणि ‘क्लब’ म्हणजे जाड बुडख्याचा सोटा ठेवले की चित्र दिसू लागतं. जे घट्ट, गोळा झालेलं, जागचं न हलणारं, त्यावरून माणसाला नाव.

आणि हे मराठीला नवं आहे का? केळीचा ठोंब असतो, हळदीचा ठोंब असतो, आणि वर्गात मागच्या बाकावर ठोंब्या असतो. ठोकळाही तसाच. माझ्या मते क्लाउन हा इंग्रजांचा ठोंब्या आहे. ठोंब्या शहरातही सापडतो, क्लाउन मात्र खेड्यातलाच, असं म्हणणाऱ्यांनी शहरातल्या माणसाने खेडुताला ठेवलेली नावं एकदा मोजावीत. त्यातली अर्धी मातीतून आणि लाकडातूनच निघतात. कोलोनसवाल्यांना हे पटणार नाही. लॅटिनशिवाय त्यांना घास उतरत नाही.

टार्ल्टनचं यात काम काय? त्याने या ठोंब्याचं सोनं केलं. वेष पाहा: जाड्याभरड्या लोकरीचा कोट, बटणाची टोपी, कमरेला बटवा. डाव्या हातात तीन भोकांची शिट्टी, दोन पुढे आणि एक अंगठ्यासाठी मागे. जोरात फुंकलं की वरचे सूर निघतात, त्यामुळे तीन भोकांत अख्खं सप्तक बसतं. उजवा हात मोकळा राहतो, त्याने टेबर हा छोटा ढोल वाजवायचा. एकटा माणूस स्वतःच्याच साथीवर नाचतो. नाक चपटं, डोळा तिरळा. पडद्यामागून नुसतं डोकं बाहेर काढलं तरी लोक हसत सुटायचे, असं त्या काळच्या नॅश या लेखकाने 1592मध्ये लिहून ठेवलं आहे. खेळ संपल्यावर प्रेक्षक विषय फेकायचे आणि तो उभ्या उभ्या यमकं जुळवून उत्तर द्यायचा. आपल्याकडचा शब्दच हवा असेल तर तमाशातला सोंगाड्या जवळचा. लिहिलेलं कमी, जागच्या जागी सुचलेलं जास्त.

1583मध्ये एलिझाबेथ राणीच्या नावाची नाटकमंडळी उभी राहिली तेव्हा हा तिचा सर्वांत मोठा चेहरा होता. 1587मध्ये त्याने तलवारबाजीतली उस्तादाची पदवी मिळवली. म्हणजे रंगमंचावर धडपडणारा हा गावंढळ प्रत्यक्षात पायांवर पक्का ताबा असलेला माणूस. 3 सप्टेंबर 1588 रोजी वारला, त्याच दिवशी लंडनजवळच्या शोरडिचला पुरला. पुढे त्याचा चेहरा दारूच्या गुत्त्यांच्या पाट्यांवर झळकला आणि त्याच्या नावावर चुटक्यांची पुस्तकं खपली.

सतराव्या शतकातला चरित्रकार फुलर म्हणतो, श्रॉपशरमधल्या कॉन्डोव्हरला हा बापाची डुकरं राखत होता, तिथे लेस्टरचा अर्ल या सरदाराच्या चाकराला सापडला. ही गोष्ट छापली गेली 1662मध्ये, मरणानंतर 74 वर्षांनी. 1590मध्ये छापलेल्या, त्याला ओळखणाऱ्यांच्या काळातल्या नाटकात मात्र त्याला लंडनचा पाणक्या म्हटलंय. माझा संशय सरळ आहे: क्लाउन म्हणजे खेडूत, मग क्लाउन करणाराही खेडूतच असणार, म्हणून डुकरं आली. शब्दाने माणसाचं चरित्र लिहिलं.

हॅम्लेटमध्ये ज्याची कवटी कबरीतून निघते तो मसखरा यॉरिक म्हणजे टार्ल्टनच, असंही ठोकून सांगणारे आहेत. त्यांचा आधार काय, तर हॅम्लेटच्या 1603च्या प्रतीत ती कवटी डझनभर वर्षं जमिनीत आहे; 1588मध्ये बारा मिळवले की 1600 येतं. हिशेब गोड आहे. पण पुढच्याच प्रतीत तेवीस वर्षं आहेत, तिकडे हे लोक बोट ठेवत नाहीत. शिवाय यॉरिक राजाच्या पदरी होता. टार्ल्टनला राणीचा गणवेश मिळाला होता खरा, पण पोट भरायचं ते दारात पैसे देऊन आत येणाऱ्या गर्दीवर.