वाचक विचारतात: पिशाच्च भरदुपारी?

प्रश्न: घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत १९२२ चा 'नोस्फेरातू' हा मूकपट दाखवला. पिशाच्च चक्क उन्हात फिरत होतं, माणसंही बुटकी-रुंद. प्रोजेक्टर बिघडलाय का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: प्रोजेक्टर ठणठणीत आहे. तेव्हाच्या फिल्मवर रात्रीचं चित्रण अवघड, म्हणून हे प्रसंग दिवसाउजेडी टिपून प्रिंटला निळा रंग दिला. रंग गेलेल्या कॉपीत रात्रीची दुपार होते. मग उन्हानेच मरणारा काउंट ऑरलॉक, म्हणजे सिनेमातलं पिशाच्च, शवपेटी काखेत मारून उजेडात हिंडतो! टिंट केलेली, म्हणजे हा रंग असलेली आवृत्तीच मिळवा. रुंदीचं म्हणाल तर प्रोजेक्टरवर चित्राच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणाचं सेटिंग १६:९ वरून ४:३ करा. बाजूच्या काळ्या पट्ट्या असू द्यात. आणि हॉलमधली ट्यूबलाइट बंद. प्रोजेक्टर काळा रंग फेकत नाही, उजेड पडला की काळ्याचा करडा होतो.