गोळ्या घेऊनही हर्पीस परत परत का येतो?

प्रश्न : वय ३४, सातपूरला शिफ्टची नोकरी. दोन वर्षांपासून जननेंद्रियावर हर्पीसचे फोड येतात, वर्षातून सहा-सात वेळा. मेडिकलमधून अ‍ॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या आणि मलम आणतो, तरी बरं व्हायला आठवडा-दहा दिवस जातातच. शरीराला औषधाची सवय झाली का? डोस वाढवू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मनाने डोस वाढवू नका. प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या माणसात विषाणूने औषधाला दाद न देणं फार क्वचित घडतं, शंभरात एकाहूनही कमी. घोळ बहुधा गोळी कधी सुरू केली यात असतो. फोड येण्याआधी काही तास ते एखादा दिवस तिथे चुरचुरतं, मुंग्या येतात, कधी मांडीत चमक निघते. गोळी तेव्हाच घ्यायची, फार तर फोड दिसल्यापासून २४ तासांत. औषध विषाणूची वाढ रोखतं. खपली धरल्यावर त्याला काम उरत नाही. म्हणून चिठ्ठी आधीच लिहून घ्या आणि एक कोर्स घरात ठेवा.

कोर्स म्हणजे ४०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, ५ दिवस. दोनशेची गोळी आठवेल तशी घेणं हा कोर्स नव्हे, कारण तोंडावाटे घेतलेलं अ‍ॅसायक्लोव्हिर जेमतेम १५-२० टक्के अंगी लागतं. व्हॅलासायक्लोव्हिर जास्त शोषलं जातं : ५०० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, ३ दिवस. किडनीचा त्रास असेल तर डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. मलमाने फारसं काही साधत नाही, त्यावर पैसे घालवू नका. खाजेची स्टेरॉइड मिसळलेली क्रीम तर अजिबात नको.

विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत दडून असतो, तिथून त्याला कोणतीच गोळी काढत नाही. पण वर्षातून सहा-सात वेळा त्रास होत असेल तर रोजच्या गोळीबद्दल (अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० मिग्रॅ दोनदा) डॉक्टरांशी जरूर बोला. उद्रेक ७०-८० टक्क्यांनी कमी होतात. वर्षभराने थांबवून पाहता येतं.

आता खरी शंका : हा हर्पीसच आहे ना? दरवेळी नेमक्या त्याच जागी, नाण्याएवढा लालसर-जांभळा डाग उठून मागे काळा व्रण राहत असेल, तर ती एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असू शकते. वेदनाशामक किंवा जुलाब थांबवण्याची गोळी घेतल्यावर काही तासांत ती उमटते, आणि हर्पीसच्या गोळीने तिला काही होत नाही. हर्पीसमध्ये लाल जागेवर पाण्याचे बारीक फोड घोसाने येतात. पुढच्या वेळी आदल्या दोन दिवसांत घेतलेली प्रत्येक गोळी लिहून ठेवा.

फोड ताजा असताना, पहिल्या ४८ तासांत, त्यातल्या पाण्याचा स्वॅब पीसीआर (विषाणूचा अंश शोधणाऱ्या) चाचणीसाठी द्या. सुकल्यावर निकाल फसवा येतो. रक्ताच्या आयजीएम (प्रतिपिंडांच्या) चाचणीवर विसंबू नका. सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी मात्र करूनच घ्या. सिव्हिल हॉस्पिटलच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात) गुप्तता पाळतात; माहितीसाठी १०९७ हा फुकटचा नंबर आहे.

पहिल्या दिवसापासून पूर्ण डोस घेऊनही ७-१० दिवसांत जखम भरायला लागली नाही, तर मात्र विषाणू औषधाला जुमानत नसल्याचा विचार करावा लागतो. तेव्हा व्हॅलासायक्लोव्हिरवर जाऊनही उपयोग नाही, दोन्हींचा मार्ग एकच. फॉस्कारनेट हे वेगळं औषध शिरेतून द्यावं लागतं, तेही रुग्णालयात.

फोड असेपर्यंत जागा कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा. लघवीला आग होत असेल तर वरून पाणी ओतत करा. चुना, हळद, डेटॉल नको. लघवी अडली किंवा डोकेदुखीसोबत मान आखडली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. मुंग्या सुरू झाल्यापासून खपली गळेपर्यंत संबंध टाळा. एरवी कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही.