मुंबईहून बंगळूरला गाडीने जाताना बाबा आणि दोन लहान मुलांना घेऊन हायवेवरच्या स्वस्त लॉजमध्ये राहावं का? आधी बुकिंग करावं का?

राहावं की. आम्ही गेली सात-आठ वर्षं राहतोय. नणंद बंगळूरला असते, त्यामुळे दर एक-दोन वर्षांनी मुलुंडहून गाडी काढतो. आम्ही दोघं, सासूबाई (आता ७४) आणि दोन मुलगे. तुम्ही लिहिलंय की बाबांचे गुडघे दुखतात, धाकटी चार वर्षांची आहे आणि एका रात्रीला दोन हजारांच्या वर जायचं नाही. म्हणजे जवळपास आमचंच घर.

कुठलं हॉटेल चांगलं, हेही विचारलंय. नाव सांगण्यात अर्थ नाही. मालक बदलतो, मॅनेजर बदलतो, गाद्या मात्र त्याच राहतात. मी तुम्हाला वेळ सांगते: संध्याकाळी साडेपाच. उजेड असताना मुक्कामाच्या गावात पोचा. खोली बघून 'नको' म्हणायची सोय तेव्हाच असते. रात्री अकराला मुलगी खांद्यावर झोपलेली असताना समोरचा जी किल्ली देईल ती तुम्ही घेता.

हे अनुभवाने कळलं. २०१९ च्या मे महिन्यात हुबळीला सहा वाजता पोचलो होतो. थांबायला हवं होतं. पण गाडी चालवणाऱ्या माणसाला 'अजून तासभर जाऊ' म्हणायचा रोग असतो, आमच्याकडेही आहे. एका ॲपवर पुढच्या गावातली खोली बुक केली, पैसेही भरले. वाटेत जेवण, मग धाकट्याला उलट्या, असं करत सव्वाअकराला पोचलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, त्या ॲपचं बुकिंग आम्ही घेत नाही, त्यांनी आमचे पैसे थकवलेत. त्यांचं भांडण खरं असेलही, पण फुटपाथवर आम्ही उभे. तिथून चार किलोमीटरवर दुसरा लॉज मिळाला. खाली बार, खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास भारतीय पद्धतीचा आणि त्याच्या दाराला कडी नाही. त्याचे १,८०० रुपये. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पदर डोक्यावरून घेऊन रात्रभर पलंगाच्या कडेला बसून होत्या. पहाटे पाचला अंघोळ न करताच निघालो. तीच खोली संध्याकाळी साडेपाचला दाखवली असती तर 'बरं, बघतो' म्हणून जिना उतरलो असतो.

तुमच्या रस्त्याचा हिशोब सोपा आहे. मुंबई ते बंगळूर साधारण ९८० किलोमीटर, आणि बेळगाव जवळजवळ मध्यावर. पहाटे पाचला निघालात तर द्रुतगती मार्ग सकाळच्या गर्दीआधी संपतो. शनिवारी मात्र निघू नका, खंबाटकी घाटात अख्खं पुणे तुमच्या पुढे असतं. साताऱ्यापासून कागलपर्यंत गेली काही वर्षं सहापदरीकरण चालू आहे, जागोजागी वळणरस्ते, तिथे वेळ जातो हे धरूनच चला. कोल्हापूरला जेवण, निपाणीवरून पुढे, आणि पाच-साडेपाचला बेळगाव. उशीर झालाच तर कोल्हापूरलाच थांबा आणि दुसऱ्या दिवशी जास्त चाला. बेळगावचा एक फायदा म्हणजे मराठी चालतं. बाबांना रात्री गरम पाणी हवं असेल तर ते स्वतः मागू शकतात, तुम्हाला उठवावं लागत नाही.

आता बायपासवर राहायचं की गावात? बहुतेक लोक बायपासवरच्या चकचकीत पाटीला भुलतात. मी म्हणेन गावात. बायपासवर पार्किंग ऐसपैस असतं हे खरं, पण रात्रभर ट्रकचे हॉर्न, आणि मुलीला ताप आला तर मेडिकल शोधायला गाडी काढावी लागते. गावात स्टँडजवळ गोंगाट असला तरी औषध, दूध, इडली सगळं चालत जाऊन मिळतं. ट्रक थांबतात तिथे जेवावं म्हणतात, ते जेवणापुरतं ठीक. ट्रक ड्रायव्हर झोपतो आपल्या केबिनमध्ये, त्याला लॉजच्या चादरीशी घेणंदेणं नाही. झोपायला जागा हवी तर एमआर लोक कुठे उतरतात ते बघा. औषध कंपन्यांची ही माणसं महिन्यातले कितीतरी दिवस फिरतीवर असतात, भत्ता बेताचा असतो, पक्कं बिल लागतं आणि सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून डॉक्टरांकडे जायचं असतं. त्यांचा लॉज स्वस्त असतो आणि पाणी वेळेवर येतं. गावात शिरल्यावर पहिल्या औषधाच्या दुकानात ओआरएसचं पाकीट घ्या आणि विचारा, "एमआर कुठे उतरतात हो?" आम्हाला हा सल्ला अजून एकदाही फसलेला नाही.

पाट्याही नीट वाचा. नुसतं 'हॉटेल' म्हणजे बहुतेक वेळा फक्त खाणं, राहायची सोय असेल तर 'लॉजिंग' लिहिलेलं असतं. आमच्या धाकट्याने नवीन नवीन वाचायला शिकल्यावर साताऱ्याजवळ 'परमिट रूम' वाचून "आई, इथे रूम आहे!" म्हणून गाडी थांबवायला लावली होती.

खोली बघायला तुम्ही दोघांपैकी एकच जा, बाकीचे गाडीत. सगळी वरात काउंटरवर गेली की त्याला कळतं, हे आता हलत नाहीत. आधी बाथरूम बघा. नळ सोडा, फ्लश ओढा, कमोड आहे ना ते बघा, बाबांच्या गुडघ्यांसाठी बाकी सगळ्याहून तेच महत्त्वाचं. लिफ्ट नसेल तर तळमजला किंवा पहिला मजला मागा. मग पलंगावरची वरची चादर उचलून खालची बघा, लाजू नका. 'धुतलेली द्या' म्हटलं की बहुतेक जण देतात. गरम पाणी किती वाजता, हे विचारा. बऱ्याच ठिकाणी सोलर असतं आणि सात-साडेसातनंतर नुसतं कोमट येतं. खिडकी हायवेकडे असेल तर मागची खोली मागा. आणि मे महिन्यात जाणार असाल तर शेजारी मंगल कार्यालय आहे का तेही बघा! आमची एक रात्र कुणाच्या तरी वरातीच्या डीजेवर गेली आहे.

पाच जणांना दोन खोल्या घ्याव्या का, तर नको. एक मोठी फॅमिली रूम आणि जादा गादी घ्या. जादा गादीचे दोन-तीनशे आधीच ठरवून घ्या. आम्ही गेल्या खेपेला अशा खोलीचे १,६०० दिले. बिलात जीएसटी लावला तर दर बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आहे, आधी १२ होता. चेकआउट '२४ तास' असेल तर उत्तम, नाहीतर काही जण सकाळी दहालाच दार वाजवतात. ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. आधारची झेरॉक्स हातात ठेवायला आवडत नसेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड' आधार काढून ठेवा, किंवा लायसन्स द्या.

पैसे वाचवायचेच तर टोलमध्ये वाचवा. फास्टॅगचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झाला, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, यातलं जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, द्रुतगती मार्गावर नाही, कारण तो राज्याचा. जाऊन-येऊन तुमचा बराचसा पास वसूल होईल. रस्त्यात गाडी बंद पडली तर राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३, तो फोनमध्ये घालून ठेवा.

सोबत दोन चादरी, उशांचे अभ्रे, डासांचं लिक्विड, एक्स्टेंशन बोर्ड आणि छोटं कुलूप. थर्मास विसरू नका, रात्री दुधासाठी.

बुकिंगचं म्हणाल तर ॲपवर नाव आणि फोटो बघा, पण पैसे भरू नका. दुपारी कोल्हापुरात जेवताना थेट लॉजवर फोन करा. "पाच जण, त्यांत दोन मुलं, साडेपाचपर्यंत येतो, कमोडवाली खोली ठेवा," एवढंच सांगा. ठेवतो म्हणाला तर ठीक, नाहीतर दुसरा नंबर लावा. फक्त दिवाळीत आणि लागून सुट्ट्या आल्या तर दोन दिवस आधी फोन करा.

आमच्याकडे आता चार वाजले की मागच्या सीटवरून सासूबाई विचारतात, "आज कुठे उतरायचंय?" नवरा निमूटपणे डावीकडचा इंडिकेटर देतो.