वाचकांचे प्रश्न : ताट दारात, पोरगा खोलीत

प्रश्न : मुलगा 24 वर्षांचा. इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिले, बेळगावची रूम सोडून घरी आला. त्याला चौदा महिने झाले, खोलीबाहेर येईना झालाय. ताट दारात ठेवते, रिकामं ताट रात्री बाहेर येतं. दिवसा झोप, रात्रभर मोबाईल. ह्यांनी एकदा वायफाय बंद केलं तर त्यानं कपाटाचा आरसा फोडला. पै-पाहुण्यांना आम्ही ‘पुण्यात कंपनीत आहे’ म्हणून सांगतो. हा आळस म्हणायचा की आजार?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : आळशी माणूस कामाला चुकतो, यात्रेच्या जेवणाला चुकत नाही. तुमचा मुलगा आवडीच्या ठिकाणीही जात नसेल तर ‘आळस’ हा शब्द सोडून द्या. सहा महिन्यांहून जास्त काळ घरात कोंडून घेणं, याला जपानमध्ये ‘हिकिकोमोरी’ म्हणतात. तमाकी साइतो या मानसोपचारतज्ज्ञांनी 1998 च्या सुमारास तो शब्द सर्वांच्या तोंडी आणला. तिथल्या सरकारी पाहणीत 2022 साली 15 ते 64 वयाचे सुमारे 14 लाख 60 हजार लोक या अवस्थेत असल्याचा अंदाज निघाला. ऐंशीच्या आईबापांनी पन्नाशीच्या मुलाला पोसायचं, यालाही तिथे ‘8050’ असं नाव पडलंय. म्हणून ‘वय वाढलं की सुधारेल’ यावर विसंबू नका.

हे अवस्थेचं नाव आहे. तिच्या मुळाशी उदासीनता, लोकांची भीती, मंत्रचळ (तेच तेच विचार, तीच तीच कृती), स्किझोफ्रेनिया यांपैकी काहीही असू शकतं. कधी नुसती नापास झाल्याची लाज असते, आणि दार जितके दिवस बंद तितकी ती वाढते. तो एकटाच हसतो-बोलतो का, खिडकीला कागद चिकटवलेत का, जेवणात काही घातलंय असा संशय घेतो का, हे आधी बघा. यातलं काही असेल तर याच आठवड्यात डॉक्टर गाठा. ही स्किझोफ्रेनियासारख्या आजाराची लक्षणं असू शकतात; तो औषधानं सुधारतो आणि उशीर महागात पडतो.

तो यायला तयार नसेल तर आधी तुम्ही दोघं जा. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसिक आरोग्याची ओपीडी असते. त्या मंगळवारी डॉक्टर येणार का, तेवढं आदल्या दिवशी विचारून घ्या. वर सांगितलेली लक्षणं नसतील तर जाण्याआधी दोन आठवडे वहीत लिहा: कधी उठला, किती जेवला, अंघोळ कधी केली, काय बोलला. ‘पोरगं बिघडलंय’ या वाक्यापेक्षा ती दोन पानं डॉक्टरांना जास्त सांगतात.

आता घरातलं. वायफाय तोडू नका. बाहेरच्या जगाशी त्याचा तेवढाच धागा उरलाय, आणि आरसा फुटला तो त्यामुळेच. पैसे मात्र महिन्याला ठरवून द्या, मागेल तेवढे नाही. कुणाच्या अंगावर आला तर वाद न घालता घराबाहेर पडा आणि 112 लावा. रोज ठरल्या वेळी दाराशी एकच वाक्य बोला, उत्तर मागू नका. ‘भात आज आंबेमोहराचा केलाय’ चालेल. ‘पुढं काय ठरवलंस?’ चालणार नाही. शेजारच्या पोराला बँकेत नोकरी लागली, हे तर चुकूनही नको.

ताट हळूहळू सरकवा. आठ-पंधरा दिवस उंबऱ्यावर, मग सोप्यात स्टुलावर, मग स्वयंपाकघरात झाकून. बोलून दाखवू नका. दोन दिवस उपाशी राहिला तर ताट एक पायरी मागे न्या. त्यात हरल्यासारखं काही नाही. बहुतेक घरांत इथेच घाई होते: पोरगं एकदा बाहेर येऊन बसलं की त्याच संध्याकाळी मामाला बोलावतात, आणि दार पुन्हा महिनाभर बंद. पहिलं बाहेर पडणं रात्री किंवा पहाटे होऊ द्या. गाडीवर हेल्मेट घालून शेतापर्यंत एक फेरी. हेल्मेटात चेहरा दिसत नाही, कुणी ‘काय करतोस रे सध्या?’ विचारत नाही.

आणि ते पुण्याचं. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा खानापुरात दाढी करायला कसा जाणार? तुम्ही लाजेपोटी सांगितलेल्या खोट्यानं त्याच्या दाराला बाहेरूनही कडी लागलीय. शिवाय पुण्यात प्रत्येकाचा एखादा भाचा असतोच, तो कंपनीचं नाव विचारणार. ते उघडं पडू नये म्हणून आई हळदीकुंकू टाळते, वडील कट्टा सोडतात. बघता बघता सगळं घरच कोंडलं जातं. जवळच्या दोन घरांत सांगा: ‘तब्येत बरी नाही, घरीच आहे, दवाखाना चालू आहे.’ याहून जास्त सांगायची गरज नाही.

एक काम आजच करा. शेतासाठी आणलेलं तणनाशक, कीटकनाशक घरात असेल तर कुलपात घाला किंवा भावकीत ठेवायला द्या. ‘जगून काय करू’ अशा अर्थाचं काही बोलला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

प्रश्न : डॉक्टर कन्नड बोलतात, भावाला कन्नड जमत नाही. वडील मध्ये बसून सांगतात. चालेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. वडिलांसमोर तो वडिलांबद्दल काय बोलणार? केसपेपर काढतानाच ‘मराठी समजणारे डॉक्टर हवेत’ असं सांगा; सीमाभागात ते मिळणं अवघड नाही. तेवढ्यात कुणी मिळालं नाही तर त्यालाच मराठीत कागदावर लिहू द्या आणि घराबाहेरच्या माणसाला ते डॉक्टरांना कन्नडमध्ये सांगायला लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि तिथे मराठी निवडता येते. फोन त्याच्या हातात द्या आणि तुम्ही दार ओढून घेऊन बाहेर बसा.