शत्रूच्या मरणाचा आनंद करावा का?

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

ओसामा बिन लादेन मारला गेला त्या रात्रीची चित्रफीत तुमच्या इतिहासाच्या वर्गात दाखवली, व्हाइट हाउससमोर झाडांवर आणि दिव्यांच्या खांबांवर चढून घोषणा देणारी मुले पाहून वर्गात दोन तट पडले, आणि तुमच्या परंपरेत शत्रूच्या मृत्यूकडे कसे पाहतात हे घरी विचारून या असे प्राध्यापकांनी सांगितले, हे तू फोनवर सांगितलेस. 'गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असे आजी म्हणते. मग त्या रात्री आपल्या लोकांना काय वाटले? आपल्यात शत्रू मेल्यावर आनंद करतात का? आणि तुम्ही वॉशिंग्टनमध्ये असता तर त्या गर्दीत गेला असता का?' असे तुझे प्रश्न होते. फोनवर दोन वाक्यांत देता येतील अशी ही उत्तरे नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

रविवार, १ मे २०११ रोजी रात्री साडेअकराच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी दूरचित्रवाणीवरून ही बातमी दिली. पाकिस्तानातील अबोटाबाद येथे, जिथे तोवर २ मे उजाडला होता, अमेरिकी नौदलाच्या खास तुकडीने ही कारवाई केली होती. त्याच्या अल-कायदा या संघटनेने अमेरिकेवर केलेल्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांत २,९७७ माणसे मारली गेली, त्याला दहा वर्षे होत आली होती. व्हाइट हाउससमोर आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये लोक जमले, जिथे हल्ल्यात कोसळलेले वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे उभे होते त्या जागेवरही जमले. फिलाडेल्फियात बेसबॉलचा सामना चालू असतानाच बातमी प्रेक्षकांच्या मोबाइलवर पोचली आणि स्टेडियमभर 'यू-एस-ए'चा घोष सुरू झाला. तुम्ही पाहिलेल्या गर्दीतील बरीच मुले जवळच्या विद्यापीठांतील विद्यार्थी होती, म्हणजे हल्ल्याच्या वेळी ती प्राथमिक शाळेत असणार. त्यांचे सगळे वाढते वय धोक्याच्या इशाऱ्यांत, विमानतळावरील झडत्यांत आणि इराक-अफगाणिस्तानातून परत येणाऱ्या शवपेट्यांच्या बातम्यांत गेले. ज्याचे नाव ऐकत ती भीत भीत मोठी झाली तो माणूस आता नाही, हे कळल्यावर ती रस्त्यावर धावली, याबद्दल मला त्यांचा राग आला नाही आणि आजही येत नाही.

पण त्या रात्रीचे आणि पुढच्या दिवसांचे चित्र एवढेच नव्हते. पहिल्या दोन दिवसांत घेतलेल्या एका मोठ्या जनमत चाचणीत आनंद झाला असे सांगणाऱ्यांपेक्षा हायसे वाटले असे सांगणारे अधिक होते, आणि मला तो फरक महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या घरातील माणूस त्या मनोऱ्यांत गेला त्यांपैकी काही त्या रात्री गर्दीत जाऊन रडले, तर काहींनी सांगितले की यामुळे आमचे माणूस परत येत नाही आणि आमच्यासाठी काही संपलेले नाही. माणसाच्या मृत्यूने ख्रिस्ती मनुष्य कधी आनंदित होत नाही, अशा आशयाचे निवेदन व्हॅटिकनने काढले. कायद्याच्या अभ्यासकांनी विचारले की त्याला जिवंत पकडून खटला का चालवला नाही. 'मी शत्रूच्याही मृत्यूचा आनंद मानणार नाही' असे एक वाक्य मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने लाखो लोकांनी एकमेकांना पाठवले, आणि नंतर कळले की ते वाक्य त्यांचे नव्हतेच. ते खोटे ठरले तरी इतक्या लोकांना ते पुढे पाठवावेसे वाटले यावरून, घोषणा ऐकताना किती जणांच्या मनात काहीतरी अडत होते हे समजते.

सरकारनेही विजयाचे प्रदर्शन टाळले. मृतदेहाची छायाचित्रे प्रसिद्ध करायची नाहीत असे ओबामांनी ठरवले. ५ मे रोजी ते न्यूयॉर्कला गेले तेव्हा त्यांनी मनोऱ्यांच्या जागी पुष्पचक्र वाहिले, पण तेथे भाषण केले नाही. बिन लादेनचा देह विमानवाहू युद्धनौकेवर नेऊन, धुऊन, पांढऱ्या कापडात गुंडाळून, धार्मिक वचने वाचून अरबी समुद्रात सोडण्यात आला. हजारोंचा जीव घेणाऱ्याला एवढा मान कशासाठी, असे अनेक अमेरिकनांनी विचारले. दुसरीकडे, जमिनीत दफन न करता समुद्रात सोडणे धर्माला धरून नाही, असे कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाच्या प्रमुखांनी म्हटले. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट हीच वाटली की, ज्याने कोणाच्याही प्रेताची पर्वा केली नाही त्याच्या प्रेताचे काय करायचे, याचा त्याला मारणाऱ्यांनी आधी विचार करून ठेवला होता.

आता आपल्या लोकांबद्दल. न्यू जर्सीतल्या आपल्यासारख्या कुटुंबांच्या भावना आणखी गुंतलेल्या होत्या. २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातील मेसा येथे एका शीख पेट्रोल पंपचालकाला केवळ त्याच्या पगडीमुळे गोळी घालण्यात आली, आणि नंतर कित्येक महिने आम्ही रेल्वेत आपल्या भाषेत मोठ्याने बोलत नव्हतो. त्यामुळे बिन लादेन गेल्याचे कळले तेव्हा आपल्याकडे संशयाने पाहणारी एक सावली दूर झाली असेही वाटले, आणि उद्या पुन्हा कोणी रागाच्या भरात आपल्यातल्या कोणावर हात टाकील का, ही धास्तीही वाटली. भारतातून फोन आले त्यांत आणखी वेगळा सूर होता. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम अडीच वर्षे झाली होती, आणि बिन लादेनचे घर काकुल येथील पाकिस्तानी लष्करी प्रबोधिनीपासून फार लांब नव्हते हे समजल्यावर, आम्ही इतकी वर्षे जे सांगत होतो ते आता जगाला पटेल, असे प्रत्येक जण म्हणत होता. त्या समाधानात संतापच जास्त होता.

तुझ्या प्राध्यापकांना परंपरा हवी आहे, तर प्रतापगडापासून सुरुवात कर. १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्या गडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी आदिलशाहीचा सरदार अफझलखान याला ठार केले. आपल्याला आज मिळणाऱ्या सर्वांत जुन्या पोवाड्यांत याच प्रसंगाचा पोवाडा गणला जातो, आणि शिवप्रतापदिन आजही गडावर साजरा होतो. तेव्हा मराठी माणूस शत्रूच्या मृत्यूचा उत्सव करत नाही असे वर्गात सांगितलेस तर ते खोटे ठरेल. आपण डफ वाजवून, फेटे बांधून तो करतो, आणि लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनात मीही तो केला आहे. परंतु त्याच गडाच्या पायथ्याशी खानाची कबरही आहे. महाराजांनी त्याचे दफन रीतसर करवले, ही गोष्ट आपल्याकडे पोवाड्याइतक्याच अभिमानाने सांगितली जाते, आणि मला आजोबांनी ती सांगितली तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या. हेही तुला माहीत असावे की या कबरीवरून आपल्याकडे दीर्घकाळ वाद चालू आहे. तेथील अतिक्रमण ठरलेली बांधकामे प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडली. ती कबर मराठ्यांच्या उदारपणाची खूण आहे असे मानणारे आणि तिचे अस्तित्वच खुपणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक आपल्याच नात्यात आहेत, आणि दिवाळीच्या फराळाला ते एकमेकांशी भांडतातही.

मात्र अफझलखान आणि बिन लादेन यांना एका रांगेत बसवू नकोस. खान एका राज्याचा सेनापती होता, उघड सैन्य घेऊन आला होता, आणि समोर येणाऱ्यालाही तो कोण आहे हे माहीत होते. बिन लादेनच्या माणसांनी सकाळी कामावर आलेल्या कारकुनांना, स्वयंपाक्यांना आणि विमानातील लहान मुलांना मारले. सारखेपणा असलाच तर तो शत्रूच्या कर्तृत्वात नसून, तो पडल्यानंतर आपण कसे वागतो यात आहे.

आजीचे म्हणणेही याच ठिकाणी बसते. रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार करायला बिभीषण कचरतो तेव्हा राम त्याला म्हणतो, 'मरणान्तानि वैराणि', वैर मरणापर्यंतच असते, याचे संस्कार कर, हा जसा तुझा तसा माझाही आहे. हे वचन आपल्याकडे कीर्तनांतून आणि घरातल्या बोलण्यातून इतके मुरले आहे की, संस्कृत न शिकलेल्या माणसांनाही ते ठाऊक असते. रावण वाईट नव्हता असे राम कुठेही म्हणत नाही, आणि त्याला मारल्याचा पश्चात्तापही करत नाही. आजीचा नियमही तू समजतेस त्याहून थोडा वेगळा आहे. गेलेल्याने केलेले वाईट लपवावे असे ती कधी म्हणाली नाही. प्रेत समोर असताना वैर चालवू नये, एवढेच तिचे म्हणणे आहे. घराच्या वाटणीत तिच्यावर अन्याय करणारे एक नातेवाईक गेले तेव्हा ती दहाव्यापर्यंत त्या घरी राबली, आणि नंतर अन्यायाची हकिकत मात्र तिने जशीच्या तशी सांगितली.

आजोळी कोकणात तू दिवाळी पाहिली आहेस. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचे असते, तोच नरकासुर. तू हसत हसत ते चिरडलेस आणि मग मामीने त्याची बी जिभेला लावायला सांगितल्यावर कडूपणाने तोंड फिरवलेस. फराळाच्या गोडाआधी ते कडू जिभेवर येते, आणि कोणालाही त्यातून सूट नसते. त्या चालीचे कारण मी कोणा जाणकाराला विचारलेले नाही, परंतु असुर मेल्याचा सण अशा चवीने सुरू करणाऱ्या लोकांना त्या रात्रीचा तो घोष ऐकताना काय वाटले असेल, हे त्यावरून मला समजल्यासारखे वाटते.

आणि मग कसाब. तो पुढारी नव्हता, २००८ मध्ये मुंबईवर पाठवलेल्या दहांपैकी जिवंत सापडलेला एक होता; पण आपल्या लोकांचे मन पाहायचे तर ते येथेच दिसते. गिरगाव चौपाटीजवळ त्याची गाडी अडवली गेली तेव्हा सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात केवळ लाठी होती. त्यांनी त्याच्या बंदुकीची नळी धरली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि ती सोडली नाही, म्हणून बाकीच्या पोलिसांना त्याला जिवंत पकडता आले. ते सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातील केडंबे गावचे. मरणोत्तर अशोकचक्र त्यांना मिळाले. त्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली, तरीही कसाबवर खटला चालला, त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात त्याला फाशी देऊन तेथेच पुरण्यात आले. त्याच्यावर एवढा खर्च कशासाठी, त्याला बिर्याणी कशासाठी, असे लोक चार वर्षे रागाने विचारत होते. मला मात्र महाराष्ट्राने त्या काळात केलेल्या गोष्टींपैकी हा खटला सर्वांत अभिमानाचा वाटतो, आणि अबोटाबादबद्दल माझ्या मनात जी रुखरुख आहे तीही यामुळेच आहे. जिवंत पकडणे तेथे शक्य होते की नाही हे मी येथे बसून ठरवू शकत नाही, परंतु शक्य असते तर मला ते हवे होते.

मारल्या गेलेल्या बाकी नऊ जणांना आपल्या दफनभूमीत जागा द्यायला मुंबईतील मुस्लिम विश्वस्तांनी नकार दिला. निरपराधांना मारणारे आमचे नाहीत, असे ते म्हणाले. ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिले आणि शेवटी जागा जाहीर न करता पुरले गेले. माझ्या मनाला हे दोन्ही पटते, तो नकारही आणि ते दफनही, आणि या दोहोंपैकी एक निवड असे मला कोणी म्हटले तर मी निवडणार नाही.

फाशीच्या सकाळी अनेक ठिकाणी फटाके वाजले आणि पेढे वाटले गेले. आजी तेव्हा पुण्यातच होती. शेजारच्यांनी आणलेला पेढा तिने परत केला नाही, कारण त्यांच्या घरचा एक मुलगा पोलीस दलात होता आणि त्यांच्या सुटकेच्या भावनेला नकार देणे तिला बरे वाटले नाही. पण एरवी घरात आलेला कोणताही पेढा ती आधी देवापुढे ठेवते, तो तिने ठेवला नाही. हे तिनेच मला फोनवर सांगितले, आणि का असे विचारल्यावर 'तो नैवेद्याचा नव्हता' एवढेच म्हणाली.

तुझा शेवटचा प्रश्न राहिला. मी वॉशिंग्टनमध्ये असतो तर त्या गर्दीत गेलो नसतो. घरी बसून पूर्ण भाषण ऐकले असते, जसे मी येथे ऐकले, आणि हायसे वाटून घेतले असते, जसे मला वाटले. पण तुझ्या वर्गात जी मुले त्या गर्दीची बाजू घेत आहेत त्यांच्यापैकी कोणाच्या घरी त्या मनोऱ्यांतून कोणी परत आले नसेल, तर वाद घालण्याआधी ते विचारून घे आणि त्यांचे आधी पूर्ण ऐक. आजीला रविवारी सकाळी फोन कर, तेव्हा तिची पूजा आटोपलेली असते. मी येथे लिहिलेले तिला वाचून दाखव, कारण रामाच्या त्या वचनाबद्दल ती माझ्यापेक्षा अधिक सांगू शकेल, आणि पेढ्याची हकिकत मी कमीजास्त केली असल्यास तीही दुरुस्त करील.

तुझे बाबा