फायबर आलं आणि फॅक्स अडला

प्रश्न : नमस्कार साहेब, आमचं सांगलीत मार्केट यार्डात हळदीचं दुकान आहे, थोडा माल बाहेरदेशी पण जातो. जपानची एक पार्टी अजून ऑर्डर फॅक्सवरच धाडते आणि सही-शिक्का मारून फॅक्सच परत मागते. दोन महिन्यांमागं तांब्याची लाइन काढून फायबर घेतलं, नंबर तोच ठेवला. बोलणं एकदम क्लिअर येतं पण फॅक्सचं एक पान जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्याला कट. फायबरवाला म्हणतो मशीन बाद झालं, मशीनवाला म्हणतो लाइन खराब, पोरगा म्हणतो भंगारात घाला. काय करू? (एक व्यापारी, सांगली)

उत्तर : दादा, मशीन भंगारात घालू नका, बहुतेक त्याचा काही दोष नाही.

फॅक्स मशीन कागद वाचून त्याचे सूर करतं, तीच ती किर्रर्र शिट्टी, आणि पलीकडचं मशीन त्या सुरांवरून कागद परत काढतं. तांब्याच्या तारेवर हे सूर सलग जायचे. फायबरवर फोनचा आवाज बारीक तुकडे करून इंटरनेटसारखा जातो, त्यातला एखादा तुकडा हरवला तरी बोलताना कळत नाही कारण आपला कान मधलं भरून काढतो, पण मशीनला तसला अंदाज बांधता येत नाही, तिथं ओळ तुटते नाहीतर कॉलच पडतो. वर दोन्ही टोकांची घड्याळं किंचित मागंपुढं असतात, तो फरक साठत जातो, म्हणून तुमचं पहिलं पान निघून जातं आणि तिसऱ्याला घोडं पेंड खातं.

यावर उपाय म्हणून 1998 साली टी.38 नावाची पद्धत ठरली. त्यात फायबरचा डबा सूर पाठवतच नाही, सुरातली माहिती काढून तीच पाठवतो आणि मागचा तुकडा पुढच्याबरोबर परत जोडून देतो, म्हणजे एखादा हरवला तरी बिघडत नाही. फायबरवाल्याला नुसतं 'फॅक्स चालत नाही' म्हणू नका, 'या नंबरला टी.38 चालू आहे का' असं विचारा. कॉल सेंटरच्या पोरीला ते कळायचं नाही, टेक्निकलचा माणूस मागा. नसेल तर निदान जी.711 वर, म्हणजे आवाज फारसा न दाबता पाठवायच्या पद्धतीवर ठेवा म्हणावं, आवाज दाबणारी कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) फॅक्सचा पार चोथा करते.

तुमच्या हातात आहे ते म्हणजे मशीनच्या मेनूत जाऊन स्पीड 9600 वर आणा आणि सुपर जी3 किंवा व्ही.34 (फॅक्सचा जास्त वेगाचा मोड) असेल तर बंद करा. काहीजण ईसीएम (चुकलेला भाग परत मागवायची मशीनमधली सोय) पण बंद करा सांगतात. त्यानं पान जातं खरं, पण चुकलेली ओळ परत मागवली जात नाही, आणि ती ओळ नेमकी रेटची निघाली तर? ऑर्डरच्या कागदाला मी तरी ईसीएम चालूच ठेवीन.

आता खरं सांगू का, जपानपर्यंत कॉल तीन-चार कंपन्यांच्या हातातून जातो, मधे एकानं टी.38 धरलं नाही की तुमच्याकडं सगळं बरोबर असूनही फॅक्स पडतो. त्यापेक्षा ऑनलाइन फॅक्स सर्व्हिस घ्या. सही-शिक्का मारलेला कागद स्कॅन करून पीडीएफ अपलोड करायची, फॅक्स नंबर टाकायचा, पुढचा फोन त्यांचा सर्व्हर लावतो. फाइल म्हणून जाताना तुकडा हरवला तर तो परत मागवला जातो, दोन सेकंद उशीर झाला तरी कुणाचं अडत नाही. येणारे फॅक्स पीडीएफ होऊन मेलवर येतात, फक्त त्याला नंबर नवा मिळतो, तो पार्टीला आधी कळवा. आणि एकदा विचारून तर बघा, मेलवर पीडीएफ चालते का, कदाचित चालत असेल आणि आपण उगाच पंधरा वर्षं शिट्टी ऐकत बसलोय.

प्रश्न : मी मोबाइलवर फोटो काढून ऑनलाइन फॅक्स केला, 'सेंट' आलं, पण समोरचे म्हणतात सगळं काळं आलंय. (एक वाचक, कराड)

उत्तर : 'सेंट' म्हणजे बऱ्याच वेळा सर्व्हरनं फाइल घेतली एवढंच. मशीनची ओके चिठ्ठी पलीकडच्या मशीननं पान मिळालं असं कळवल्यावर निघते, तसा डिलिव्हरी रिपोर्ट मेलवर येतोय का बघा. काळं यायचं कारण फोटो. साधा फॅक्स फक्त काळा-पांढरा जाणतो, इंचाला आडवे 204 आणि उभे 98 ठिपके, बस्स. तुमच्या हाताची सावली त्याला डांबरच वाटते. स्कॅनर ॲपमधे ब्लॅक अँड व्हाइट करून फाइन मोडवर पाठवा, उभे ठिपके 196 होतात. आणि पेन्सिलीनं लिहू नका.