आधी प्रसंग सांग

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

‘मिस्टर सनशाईन’ ही कोरियन मालिका संपल्यापासून तुला दुसरे काही पाहवत नव्हते. मन हलके व्हावे म्हणून ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’ लावलीस, तर तिथे आधीच्या मालिकेत दोंग-मे झालेला तोच नट यू यॉन-सॉक लहान मुलांचा डॉक्टर होऊन हसत होता, मित्रांच्या बँडमध्ये ड्रम वाजवत होता, आणि ते पाहून तुला चक्क राग आला, असे तू लिहितेस. ज्याच्यासाठी रात्रभर रडले तो माणूस कधी नव्हताच, मग मी रडले कोणासाठी, हा तुझा प्रश्न. कोरियन मालिका पाहणाऱ्या आपल्या गटात काहींनी तुला वेड्यात काढले, काहींनी ‘मीही, मीही’ म्हणत रडक्या चेहऱ्यांची रांग लावली, आणि दोन्हींनी तुझे समाधान झाले नाही. ते होणारही नव्हते.

रडणे योग्य की अयोग्य यावर मी एक ओळही खर्च करणार नाही. ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांच्याशी तुझे-माझे कधी जमलेच नाही. माझी तक्रार निराळी आहे. एवढ्या लांब पत्रात दोंग-मेने तुझे काय केले ते तू पानोपानी सांगितलेस, पण दोंग-मेने काय केले ते एकदाही सांगितले नाहीस. काळीज तुटले, झोप उडाली, जेवण गेले. मान्य. पण कोणत्या क्षणी? कशाने? आधी प्रसंग सांग. आपल्या गटात हे वाक्य माझ्या नावावर जमा आहे आणि त्यावरून माझी थट्टा होते, हे मला ठाऊक आहे. तरी ते मी तुला पुन्हा ऐकवणार आहे.

तू सांगत नाहीस, म्हणून मीच सांगते. दोंग-मे खाटकाचा मुलगा आहे, आणि जोसन राजवटीच्या काळातल्या कोरियात खाटकाच्या जातीला माणसांत जागा नव्हती. जीव वाचवून पळणाऱ्या त्या पोराला उमराव घराण्यातली ए-शिन आपल्या पालखीत लपवते, आणि तो तिचे आभार मानायचे सोडून, ऐषारामात वाढलेली पोर म्हणून तिलाच टोचून बोलतो. पुढे तो जपानला जातो, तलवारबाज टोळीचा म्होरक्या होऊन परततो, आणि ए-शिन त्याचे काही देणे लागते असे ठरल्यावर ते एकरकमी न घेता दर महिन्याला एक नाणे आणून द्यायला सांगतो. त्या एका नाण्यात त्याची जुनी लाज आहे, नवा माज आहे, आणि तिने महिन्यातून एकदा तरी समोर यावे ही इच्छाही आहे, जी तो सरळ शब्दांत मागू शकत नाही, कारण सरळ मागण्याचा हक्क त्याच्या जन्माने आधीच काढून घेतला आहे. तू रडलीस ती बहुधा इथून पुढे, शेवटच्या भागात तो एकटा आपल्याच टोळीसमोर उभा राहिला तोवर. ‘बहुधा’ म्हणावे लागते, कारण तू लिहिले नाहीस.

आता तुझ्या रागाकडे येते. ते नाणे लेखिका किम उन-सुकच्या डोक्यातून आले. ते आपल्याला किती वेळ आणि किती जवळून दिसावे हे दिग्दर्शक ली उंग-बोक आणि संकलक यांनी ठरवले. यू यॉन-सॉकने त्याला हात, आवाज आणि डोळे दिले. मालिकांचे चित्रीकरण कथेच्या क्रमाने होतेच असे नाही. एकच प्रसंग निरनिराळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा घेतला जातो आणि प्रत्येक वेळी मान तेवढीच वळावी लागते, अश्रू त्याच शब्दावर यावे लागतात. हे काम दुःखात बुडालेल्या माणसाला जमणारे नाही. नटाने आतून शांत राहूनच प्रेक्षकाला हलवावे, असे फ्रान्समध्ये दिदरो हा विचारवंत अठराव्या शतकात सांगत होता. त्याच्या कितीतरी शतके आधी आपल्याकडे नाट्यशास्त्रावर भाष्य लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने स्पष्ट केले होते की मद्याची चव जशी पेल्याला लागत नाही, तसा रस नटात नसतो, त्याचा आस्वाद प्रेक्षक घेतो. मग डॉक्टर होऊन हसणाऱ्या यू यॉन-सॉकने तुझा कसला विश्वासघात केला? 2018 मध्ये तलवार धरणाऱ्या हातांनी 2020 मध्ये ड्रमच्या काठ्या धरल्या, याचे तुला कौतुक वाटायला हवे होते. ‘त्याच्या डोळ्यांतच दुःख आहे, त्याने आयुष्यात नक्की काहीतरी सोसले असणार’ हे तुझे वाक्य तर मला मुळीच आवडले नाही. त्याच्या कमाईचे श्रेय तू त्याच्या कल्पित जखमांना देतेस, आणि शिवाय त्याच्या खाजगी आयुष्यात डोकावण्याचा परवाना स्वतःला देऊन टाकतेस.

फार कडक झाले का? असू दे. मी अशी का झाले ते ऐक. माझ्या तरुणपणी मालिका ठरलेल्या वेळी एकदाच लागे. चुकली की चुकली, आणि पाहिली तरी परत पाहायची सोय नाही. घरात सगळे एकत्र बसून रडल्याचे मला आठवते, दुसऱ्या दिवशी मैत्रिणींशी त्याच विषयावर तासन् तास बोलल्याचेही आठवते. पण कशावर रडलो? नायिका दारात उभी होती की जिन्यात, काय म्हणाली, आधी कोण उठून गेले, यातले काहीही हाताशी नाही. अश्रू आठवतात आणि ज्याने ते आणले तेच हरवले आहे. ही हळहळ मला आजही आहे, आणि म्हणूनच मी भागाचा क्रमांक घालून प्रसंग वहीत उतरवून ठेवते. लोक याला कोरडेपणा म्हणतात. ज्यांना असे वाटते त्यांनी ती वही उघडून पाहावी. शाई कुठे कुठे फुटली आहे ते दिसेल.

आणि हा हट्ट माझ्या एकटीचा नाही. ‘मिस्टर सनशाईन’च्या शेवटाकडे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या साध्या माणसांचे जे छायाचित्र काढले जाते, ते एका खऱ्या छायाचित्रावरून रचलेले आहे. 1907 मध्ये जपानच्या दडपणाखाली कोरियाचे सैन्य बरखास्त झाले, गावोगावच्या लोकांनी शस्त्रे उचलली, आणि एफ. ए. मॅकेंझी नावाचा पत्रकार त्यांना शोधत डोंगराळ भागात गेला. त्याने त्यांना समोर उभे करून छायाचित्र घेतले: कोणी जुन्या सैन्याच्या गणवेशात, कोणी रोजच्या कपड्यांत, काही तर अगदी कोवळी पोरे, हातांत जमतील तशा बंदुका. ते शूर होते एवढेच लिहून तो परतला असता, तर शंभराहून अधिक वर्षांनी त्यांचे चेहरे कोणाला पडद्यावर पुन्हा उभे करता आले असते? त्याने प्रसंग सांगितला.

यू यॉन-सॉकला पत्र लिहू का, असे तू विचारतेस. अवश्य लिही. चाहते चित्रीकरणाच्या जागी कॉफीचे ट्रक पाठवतात, त्यापुढे एक पत्र काहीच नाही. मात्र ‘तुम्ही माझे जग आहात’ अशी वाक्ये त्यात नकोत. ती त्याला ढिगाने येत असतील आणि त्यातली कोणतीही दुसऱ्या कोणत्याही नटाला तशीच्या तशी पाठवता येतील. नाण्याचा प्रसंग पुन्हा लाव, आवाज बंद करून पाहा, मग चालू करून पाहा. नाणे घेताना त्याची नजर कुठे जाते, तो किती वेळ गप्प राहतो, ती वळल्यावर चेहऱ्यात काय बदलते, हे लिही. तेवढे जमले की तू रडलीस हे सांगण्याची गरज उरणार नाही, तरी सांगायचे असेल तर शेवटी एका ओळीत सांग. भाषांतराची काळजी नंतर करू.

पाठवण्याआधी तो मसुदा मला दाखव. शिवाय मालिकेचा नायक युजीन मोठा की दोंग-मे, या गटातल्या भांडणात पडू नकोस. तिथे कोणीच प्रसंग सांगत नाही, नुसती मते मोजतात. त्याच मालिकेतल्या ही-सॉंगविषयी मात्र माझ्याशी वाद घालायचा नाही. चंद्र, तारे, फुले, वारा, हसू, थट्टा अशा निरुपयोगी गोष्टी आवडतात म्हणणारा आणि वर्तमानपत्र चालवल्यापायी कोठडीत मरणारा तो माणूस माझा आहे, आणि त्याच्याबाबतीत मी कोणाचेही ऐकत नाही.

तुझी,
मावशी